सौदामिनीचा अर्ज

तलवारबाजीचे चित्रपट हा आपल्याकडे प्रतिष्ठेचा विषय कधीच नव्हता. तंबूतल्या सिनेमात पुढे जमिनीवर बसून शिट्ट्या मारणाऱ्यांचा तो माल, असे शिष्टमत पूर्वापार चालत आले आहे. म्हणूनच प्रभातचे १९३६ साल म्हटले की ‘संत तुकाराम’ सर्वांच्या ओठांवर येतो आणि त्याच साली आलेला ‘अमर ज्योती’ क्वचितच कोणाला आठवतो. माझ्या मते हा त्या चित्रपटावर अन्याय आहे.

चित्रपट हिंदी, पण घडवणारे हात आपले. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचे, नायिका दुर्गा खोटे. एका बंदराच्या राज्यात सौदामिनी नावाची स्त्री आपल्या तान्ह्या मुलाचा ताबा मागते. तो नाकारला जातो. मूल बापाचे, आईचा त्यावर हक्क नाही, हा तिथला कायदा. दाद मागण्याच्या वाटा संपल्यावर ती समुद्रावर जाते, चाचेगिरी पत्करते आणि न्यायमंत्री दुर्जयाशी व त्याच्या राज्याशी वैर मांडते. दुर्जयाच्या भूमिकेत चंद्रमोहन आहेत. ‘अमृतमंथन’मधील राजगुरूचे ते डोळे ज्यांनी पाहिले असतील त्यांना अधिक सांगणे नको.

त्या चित्रपटातल्या लढाया आजच्या डोळ्यांना काहीशा लुटुपुटूच्या वाटतात, हे कबूल केले पाहिजे. समुद्रही भारतीय रुपेरी पडद्याला तेव्हा नवखाच. उन्हाळ्यात अंजनीच्या कोरड्या पात्राकडे पाहणाऱ्या आम्हा एरंडोलकरांना जहाजांच्या झुंजीतले फारसे कळत नाही ते निराळेच! तरीही मोबाइलच्या बोटभर पडद्यावर हा चित्रपट पाहताना आपण शेवटपर्यंत बसून राहतो. ते कशामुळे?

त्या काळचे दुसरे दोन साहसपट शेजारी ठेवून पाहावेत. वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ १९३५ मधला. नादियाचा चाबूक दुष्ट मंत्र्यावर चालतो. मंत्री पडला की राज्य सुखी. त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेत एरॉल फ्लिनचा ‘कॅप्टन ब्लड’ आला. जखमी बंडखोरावर उपचार केले म्हणून एक डॉक्टर गुलाम म्हणून विकला जातो, पुढे चाचा होतो; इंग्लंडच्या गादीवर नवा राजा येताच त्याला माफी मिळते आणि वर गव्हर्नरपदही. दोन्ही चित्रपट मजेचे आहेत, मी ते आवडीने पाहीन. पण दोन्हीकडे दोष एका माणसाचा आहे आणि माणूस बदलला की गोष्ट संपते. ‘अमर ज्योती’त मात्र सिंहासनावर राणीच आहे. गादीवर स्त्री आहे, तिला स्वतःला मुलगी आहे, तरी सौदामिनीला तिचे मूल मिळत नाही. शत्रू कोण, हा प्रश्न तिथे एकदम अवघड होतो आणि तलवार हाती धरूनही सुटत नाही.

अशी गोष्ट आपल्या गावाला नवी नाही. एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, असे आपण परंपरेने मानतो. बकासुराचा वध पद्मालयाच्या रानात झाला असेही सांगतो. त्या कथेत आपल्याला गाडाभर अन्न आणि भीमाची गदा आठवते. परंतु बकासुर काही रोज गावावर धाड घालीत नव्हता. पाळी ठरलेली होती. ज्या घराची पाळी त्याने गाडा आणि माणूस पाठवायचा, आणि शहाणीसुरती माणसे ती पाळी निमूटपणे पाळीत होती. कुंतीने आपल्या यजमानाच्या घरातले रडणे ऐकले, तेव्हा कुठे भीम निघाला. चांगल्या साहसकथेचा उगम मला येथे दिसतो. अन्यायाला नियमाचे रूप आलेले असते आणि त्याची कोणाला लाज वाटेनाशी झालेली असते.

आणि सौदामिनीचा नियम केवळ सिनेमातला नव्हता. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे दिला खरा. परंतु नैसर्गिक पालक म्हणून प्रथम बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई, असे शब्द ठेवले. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ साली निकाल लागला की ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ केवळ त्याच्या मृत्यूनंतर असा घ्यायचा नाही. बाप प्रत्यक्षात पालकत्व सांभाळत नसेल तेव्हा तो हयात असतानाही आई पालक ठरू शकते. सौदामिनीनंतर त्रेसष्ट वर्षांनी! कायद्यातला तो शब्द तरीही तसाच राहिला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदोपत्री आधी आईचे नाव लागणार आहे. आपल्यापैकी कोणीही त्या तारखेनंतर जन्मलेले नाही. आपले प्रवेश-अर्ज ज्याने त्याने आठवून पाहावेत.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. सौदामिनीचा हरवलेला मुलगा मेंढपाळ सुधीर म्हणून सापडतो आणि राणीची मुलगी नंदिनी, म्हणजे शांता आपटे, त्याच्याच प्रेमात पडते. हा योगायोग फार सोयीचा आहे. लग्न लागल्याने जणू दोन्ही पक्षांचा हिशेब चुकता होतो, असे प्रेक्षकाला वाटावे. शांतारामबापूंनाही ते खटकले असेल काय? कारण पुढच्याच वर्षी ‘कुंकू’मध्ये त्यांनी याच शांता आपट्यांना ना तलवार दिली ना समुद्र; म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात नुसते ठामपणे ‘नाही’ म्हणायला लावले. पण ‘अमर ज्योती’तही रेखा आणि शेखर हे सौदामिनीचे साथीदार निसटून जातात आणि लढा चालू ठेवतात. मला ती बाजू लग्नापेक्षा खरी वाटते.

आमच्या वाङ्मय मंडळाने यंदा तरी हा चित्रपट दाखवावा. भाषेची अडचण नाही, खर्चही विशेष नाही. चित्रपटानंतर वकिली करणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थिनीला बोलवावे आणि १९५६ च्या कायद्याचे कलम ६ तिच्याकडून वाचून घ्यावे. शिट्ट्यांना बंदी नसावी.