सावधगिरीच्या नावाखाली जुगार

निर्यातदार बुडतो तो अंगच्या धाडसामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. तिरुप्पूरच्या होजिअरी कारखानदारांचा २००८ सालचा अनुभव निराळेच काही सांगतो. २००७ मध्ये डॉलर सुमारे ३९ रुपयांपर्यंत उतरला. रुपया आणखी वधारेल या धास्तीने तेथील अनेकांनी बँकांशी परकीय चलनाचे करार केले. हाती येणाऱ्या डॉलरांपुरताच साधा वायदा केला असता तर ती सावधगिरी ठरली असती. परंतु कित्येक करार स्विस फ्रँक व येन यांच्या चढउतारांवर बेतलेले होते. बनियन विकणाऱ्याला स्विस फ्रँकशी काय कर्तव्य?

२००८ च्या अखेरीस डॉलर ५० रुपयांच्या घरात गेला. एरवी निर्यातदाराने पेढे वाटावयाचे. येथे काही निर्यातदार बँकांविरुद्ध न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते. बँकांनी जोखीम उलगडून सांगितली नाही, या तक्रारीत तथ्य असेलही. पण सुताचा भाव पैशापर्यंत जाणणाऱ्या चालकाने न उमगलेल्या कागदावर सही का करावी? आदल्या वर्षीच्या तोट्याने त्याला भेदरवले होते, हेच त्याचे कारण दिसते. त्यातच परदेशांतील मागणी मंदावली, आणि झळ पोचली ती कोठेही सही न केलेल्या शिलाई कामगारांना.