मशीन आणलं, पण ग्रीस कोण भरणार?

परवा सकाळी पंचवटीतल्या एका मैदानावर गेलो होतो. कोपऱ्यातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक मशीन दिसलं. हिरवळीत भोकं पाडायचं, एरेटर. दात्यांत मागच्या वेळची काळी माती तशीच, वाळून दगड झालेली. माळीकाकांना विचारलं. म्हणाले, "साहेब, चालूच होत नाही. वर कळवलंय." कधी? "झाले की दोन पावसाळे."

तेवढ्यात फुटबॉल खेळणारा एक पोरगा पडला. गुडघा फुटला. जमीन नाही, फरशीच ती!

काही जण म्हणतील, मैदानाला भोकं कशाला? मंडळी, आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आवळून कडक होते. वरून रोज शेकडो पाय. मग मुळांना ना हवा मिळते ना पाणी. हे मशीन पोकळ दात्यांनी मातीच्या बोटभर कांड्या उपसून काढतं. त्या भोकांत वाळू भरली की पाणी मुरतं, हरळी पुन्हा जोम धरते. वाफसा असताना काम करायचं, एवढं शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको.

आणि देखभाल? फार मोठं शास्त्र नाही. काम झालं की स्पार्क प्लगची वायर काढायची, दाते धुवायचे, पुसून तेलाचा हात फिरवायचा. झिजलेले दाते बदलायचे, नाहीतर भोकं उथळ पडतात. बेरिंगला ग्रीस, चेन-बेल्टचा ताण, नट आवळणं. ऑइल आणि एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायचे. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं. महिनोन्महिने पडून राहिलं की कार्बोरेटर चोंदतो. मग "चालूच होत नाही".

यात माळीकाकांची चूक काय? त्यांना ना ग्रीसगन दिली, ना कुणी शिकवलं. नारळ फोडायला दहा जण असतात, ऑइल बदलायला एकाचंही नाव कागदावर नसतं. खरेदीला पैसा निघतो, सर्व्हिसिंगला निघत नाही. खरं दुखणं हे आहे.

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना आला की आपण कौतुकाने बघायला जातो. पण रणजीपर्यंत जाणारा पोरगा आधी घराजवळच्या मैदानावरच पडून-उठून शिकतो ना?

म्हणून मागणी साधी आहे. मशीन घेतानाच पाच वर्षांच्या सर्व्हिसिंगची तरतूद करा. चालवणाऱ्याला शिकवा. मशीनजवळ एक वही ठेवा, त्यात तारीख, किती तास चाललं, काय बदललं, कुणी बदललं, सगळं लिहा. आणि ती वही कुणाही नागरिकाला बघता आली पाहिजे.

2026-27 चा सिंहस्थ आलाय. शहरात लहान-मोठी कितीतरी मशीनं येतील. फोटो निघतील, निघू द्यात. आपण फक्त एकच विचारायचं: साहेब, ग्रीस कोण भरणार?