विषय मिळत नाही म्हणता? मग बांधावर या की!

परवा आपल्या माळेगावातलाच एक पोरगा भेटला. ऊस उत्पादकांसाठी फेसबुक पेज चालवतो. म्हणाला, "दादा, रोज नवीन काय टाकायचं? विषयच मिळत नाही. काही सोपं असेल तर सांगा."

घरी येऊन त्याचं पेज बघितलं. पंधरा दिवसांत अकरा वाढदिवस, तीन उद्घाटनं, आणि एआयकडून लिहून घेतलेले 'ऊस लागवडीचे दहा फायदे'. त्यात आडसाली, सुरू, खोडवा यातला एक शब्द नाही. माळेगावात बसून उसावर लिहायला विषय नाही म्हणजे विहिरीत बसून तहान लागली म्हणण्यासारखं आहे राव!

सोपंच पाहिजे ना? घ्या.

२०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्यापुढं उतारा ०.१ टक्का वाढला की टनाला ३४ रुपये ६० पैसे जादा. पण यातून तोडणी-वाहतूक वजा होते, तेव्हा हातात काय पडतं? शेजारच्या कारखान्याची तोडणी-वाहतूक किती? ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हा कायदा आहे. कुणाला व्याज मिळालं? झाल्या चार पोस्ट.

सभासदांना दरवर्षी वार्षिक अहवाल मिळतो. आपल्यातले निम्मे लोक त्यात चपात्या गुंडाळतात. दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. कर्ज, व्याज, मळी, बगॅस, एकेक आकडा ताडून बघा. महिनाभराचा माल आहे तो.

नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की एक फोन वरच्या शेतकऱ्याला करा, एक खाली इंदापूरकडच्या टोकाला. दोघांना एकच प्रश्न: "पाणी कधी आलं?" बास. बाजार समितीचे भाव सगळेच टाकतात; हमाली, तोलाई जाऊन पट्टीवर काय उरलं ते टाका. आणि कुणी कागद दाखवत नसेल तर माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांची मुदत.

२०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी बारामतीच्या शेतीतल्या एआयचं कौतुक केलं. व्हिडिओ सगळ्यांनी शेअर केला. अरे, ते काम शारदानगरच्या केव्हीकेत, आपल्या दारात चालतं! गाडीला किक मारा, ज्याच्या उसात ते यंत्र बसलंय त्याला विचारा: खर्च किती आला, पाणी किती वाचलं? अमेरिकेतून आलेला व्हिडिओ टाकता आणि दोन किलोमीटरवरच्या माणसाला विचारत नाही?

माझाच अनुभव सांगतो. मागच्या एका हंगामात तोड आली तेव्हा 'खुशाली' आणि ट्रॅक्टरची 'एन्ट्री' म्हणून मी जे पैसे मोजले, ते कुठल्याच पावतीवर नव्हते. मी फक्त तेवढा आकडा लिहिला. कुणाचं नाव नाही, शिवी नाही. संध्याकाळपर्यंत कमेंटमध्ये लोकांनी आपापले आकडे टाकले. दुसऱ्या दिवशी टोळीतली एक बाई मला म्हणाली, "भाऊ, आमचंबी लिवा की. कोयत्यामागं आम्हाला टनाला काय मिळतं ते कुणी इचारतंय का?" बरोबर होतं तिचं. मी एकच बाजू लिहिली होती. दुसरी पोस्ट तिच्या हिशोबाची टाकली. दोन्ही पोस्टना खर्च शून्य.

१९१० साली मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' काढला आणि पुढं नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो वर्षानुवर्षं चालवला. ना फोन, ना नेट. त्यांना शेतकऱ्याच्या दुखण्यात विषय सापडत होते. आपल्याला खिशात नेट असून सापडत नाहीत.

खरं सांगू? विषय नाही हे खोटं आहे. अडचण वेगळीच आहे. ज्याच्याकडून दिवाळीची जाहिरात घ्यायची, त्याला हिशोब कसा विचारायचा? वाढदिवसाच्या बॅनरवर कुणी रागवत नाही, तोडणीच्या आकड्यावर रागावतात. म्हणून बॅनर 'सोपं' वाटतं. पण लोक बॅनर बघून पुढं सरकतात आणि आकडा दिसला की थांबतात, कारण तो त्यांच्या खिशातला असतो.

जाहिरात घ्या, पोट सगळ्यांना आहे. वाढदिवसही टाका. पण आठवड्यातला एक दिवस तरी शेतकऱ्याच्या बिलाला द्या. नाहीतर पेजच्या नावातला 'ऊस उत्पादक' हा शब्द काढून टाका, आणि 'शुभेच्छुक' लिहा.

त्या पोराला मी माझं मागच्या हंगामाचं बिल दिलंय. बघू, टाकतो का!