कळ ओसरल्यावर

‘बाळाचे ठोके कमी झालेत, सीझर करावं लागेल.’ प्रसूतिगृहाच्या दारातून हे वाक्य बाहेर आलं की बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांत दोन तट पडतात. काही हात जोडतात, करा काय ते लवकर म्हणतात. काहींना बिल वाढवायची युक्ती दिसते. सोलापुरात खासगी दवाखाना असो, महापालिकेचं डफरीन असो वा सिव्हिल, हा प्रसंग नवा नाही. पण ठोके नेमके कधी कमी झाले, कळ चालू असताना की ओसरल्यानंतर, हे सहसा कोणी विचारत नाही. सांगणाराही आपण होऊन सांगत नाही. सगळा निकाल मात्र त्यावरच असतो.

कळ येते तेव्हा गर्भाशयाचा स्नायू आवळतो. त्याबरोबर वारेकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्याही दाबल्या जातात आणि मिनिटभर बाळाला आईकडून मिळणारा प्राणवायू घटतो. तेवढा वेळ बाळ शिलकीवर काढतं. कळ ओसरली की वारेत पुन्हा रक्त खेळतं आणि शिल्लक भरून निघते. धडधाकट बाळ तासन् तास हे सोसतं. त्याचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असतात. कळेबरोबर ते थोडे उतरून कळेबरोबरच वर आले, तर पाठ्यपुस्तकं ती डोकं दाबलं गेल्याची खूण मानतात आणि फारशी काळजी करत नाहीत. पाणमोट फुटल्यावर नाळ दाबली गेली तर ठोके एकदम कोसळतात आणि एकदम सावरतात. असं वारंवार होऊ लागलं, किंवा सावरायला वेळ लागू लागला, तर लक्ष द्यावं लागतं. खरी धास्ती तिसऱ्या प्रकाराची. कळ शिगेला पोचून गेल्यावर ठोके उतरू लागतात आणि पोट सैल झालं तरी खालीच रेंगाळतात. प्रत्येक कळेनंतर हेच होत असेल, आणि ठोक्यांतली नेहमीची बारीक चढउतारही सपाट झाली असेल, तर मग वादाला जागा नाही. तिथे सीझरला नाही म्हणणारा नातेवाईक बाळाचा वैरी ठरतो.

सोलापुरात अनेक बायकांच्या पोटातल्या बाळांची ही शिल्लक मुळातच तुटपुंजी असते. 2006 साली कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना 10,000 घरं मिळाली. देशभर कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण विडी वळायचं काम त्या घरांतही पोटाशी सूप घेऊनच चालतं. तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनही अंगात भिनतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं. त्यात बाईच्या अंगात रक्त कमी. बाळ कमी वजनाचं निघण्याची भीती अशा ठिकाणी वाढते, आणि पोटात नीट न वाढलेलं बाळ कळांचा ताण लवकर दाखवतं. अशा बाईच्या पोटाला सीटीजीचा, म्हणजे बाळाचे ठोके आणि कळा टिपणाऱ्या यंत्राचा, पट्टा बांधून कागदावर रेघ उमटवत ठेवण्यात काहीच गैर नाही.

गैर आहे ते सरसकट प्रत्येकीला बांधणं. 2017 साली कॉक्रेन या संस्थेने 13 चाचण्यांमधल्या 37,000 हून अधिक बाळंतपणांचा आढावा घेतला. अखंड पट्टा लावल्याने नवजात बाळांना येणारे झटके निम्म्यावर आले, ही मोठीच गोष्ट. पण बाळांचे मृत्यू किंवा मेंदूच्या इजेने येणारं अपंगत्व कमी झालेलं दिसलं नाही. सीझर मात्र दीडपटीहून जास्त झाली. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली सांगितलं, की जोखीम नसलेल्या बाईला अखंड यंत्र नको, ठरावीक वेळाने कानाने ऐका. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के बाळंतपणं सीझरने होतात, खासगीत 47.4 टक्के. हे सगळं ठोक्यांमुळे होतं असं कोणी म्हणणार नाही, पण यंत्राची रेघ दिसली की हात पुढे सरकतो हेही खोटं नाही.

कानाने ऐकायला लागतं ते स्वस्त आहे. पिनार या फ्रेंच डॉक्टरने 1895 साली प्रसिद्ध केलेली नळी आजही चालते, हातातला छोटा डॉपलर तर उत्तमच. पण पद्धत पाळली पाहिजे. एक हात पोटावर, कळेची वाट पाहायची, कळेत ऐकायचं आणि कळ गेल्यावर निदान अर्धा मिनिट ऐकत राहायचं. पहिल्या टप्प्यात कळा जोरात सुरू झाल्या की दर 15 ते 30 मिनिटांनी, बाळ खाली सरकून आई जोर देऊ लागली की दर 5 मिनिटांनी. आता हिशेब मांडा. एका सिस्टरकडे कळा देणाऱ्या सहा बायका असल्या आणि प्रत्येकीपाशी पाच मिनिटं गेली, तर अर्धा तास संपला. त्यात एकीची वेळ भरली की उरलेल्या पाचजणींचं ऐकणं थांबलंच. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये जिल्ह्यातूनच नव्हे, धाराशिवकडून आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीकडूनही अवघडलेल्या बायका येतात. तिथे सिस्टरला मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि दखनीतही ‘कळ आली का गं?’ विचारावं लागतं. हा हिशेब न सुटल्याचा पुरावा देशभरच्या प्रसूती तक्त्यांत सापडतो. बाळंतपण उरकल्यावर एका बैठकीत, एका शाईत भरलेले 140, 142, 140. असा तक्ता भरण्यापेक्षा कोरा ठेवावा, निदान तो खोटं बोलत नाही.

ठोके रेंगाळू लागले की करायच्या पहिल्या गोष्टी फुकटच्या आहेत. उताणी झोपलेल्या बाईला डाव्या कुशीवर वळवणं, रक्तदाब पाहणं, नाळ बाहेर आली नाही ना हे तपासणं, आणि कळा वाढवणारं सलाईन चालू असेल तर ते बंद करणं. ऑक्सिजनचा मास्क नातेवाइकांना धीर देतो, पण आईच्या रक्तात प्राणवायू पुरेसा असेल तर बाळाला त्याचा उपयोग होतो असं दिसलेलं नाही. सलाईनचं मात्र जपायला हवं. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या की दोन कळांमधली उसंतच संपते आणि बाळाला सावरायला वेळ मिळत नाही. ‘इंजेक्शन द्या, तिची लवकर सुटका करा’ हा आग्रह पुष्कळदा घरच्यांचाच असतो. सासूने तो धरू नये, आणि कोणी धरला म्हणून डॉक्टरांनी ऐकू नये.

शेवटची गोष्ट रस्त्यावरची. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून लांब. ‘ठोके कमी’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन बाई 108 मध्ये चढते आणि इथल्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागते. कळेत ठोके किती, कळ गेल्यावर किती, सावरायला किती वेळ लागला, शेवटचं ऐकलं ते किती वाजता आणि कळांचं औषध दिलं होतं की नाही, हे चार ओळींत मावतं. खासगी दवाखान्यांनीही तेच लिहावं. सरकारी केंद्रांपुरतं जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला हे एका परिपत्रकाने सक्तीचं करता येईल. त्याला ना निधी लागतो, ना निविदा.