विद्येची यात्रा आणि एस. टी. ची गाडी

धम्मदीक्षा घेतलेल्या बंधुभगिनींनो,

जत्रेची वाट तुम्ही सोडली. देवदेवस्कीवर होणारा खर्च थांबवून तो पैसा मुलांच्या शिक्षणाकडे वळविण्याचा निश्चय तुमच्यापैकी अनेकांनी केला. त्या निश्चयामुळे आज आपली मुले-मुली छत्रपती संभाजीनगर, नागपूर, पुणे, नांदेड येथील विद्यापीठांत शिकत आहेत. ती वसतिगृहात राहतात आणि सुट्टी लागली म्हणजे गावी परततात. हा परतीचा प्रवास क्षुल्लक वाटतो. परंतु मुलीचे शिक्षण पुढे चालावे की थांबावे, हे पुष्कळ घरांत याच प्रवासावर ठरते. म्हणून त्याविषयी स्पष्टपणे बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रवासातील अपमान आपल्या समाजाला नव्याने सांगावयास नको. १९०१ साली बाल भीमराव सुट्टीत वडिलांना भेटावयास घरातील इतर मुलांसह साताऱ्याहून निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या बोलीवर. जवळ पैसा होता; पण पैशाने माणुसकी विकत मिळाली नाही.

पुढे घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक वाहनात मज्जाव करणे हा गुन्हा ठरविला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली एस. टी. आज राज्यभर धावते. तिच्या तिकिटावर टप्पा असतो, भाडे असते, जात नसते. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हक्क कायद्यात असून भागत नाही, गाडी थांब्यावर यावी लागते.

विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे आहे. पण जी गाडी सुटतच नाही, तिच्यातील सवलतीचा उपयोग काय? २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस. टी. च्या संपात खेड्यांतील विद्यार्थ्यांनी याचा अनुभव घेतला. खाजगी गाड्यांचे भाडे एस. टी. च्या दीडपटीहून अधिक नसावे, असे शासनाने २०१८ साली ठरविले. तरी दिवाळीच्या गर्दीत काय मागितले जाते, हे प्रवाशांना विचारावे! शिवाय ती गाडी मुलीला अपरात्री हमरस्त्यावर सोडून पुढे निघून जाते.

मग घरात बोलणे निघते: "पोरीला पुढच्या वर्षी पाठवावयास नको." बंधूंनो, चूक गाडीची आणि शिक्षा मुलीला, हा कोणता न्याय? आडवळणाच्या गावी संध्याकाळची गाडी नसेल, तर गाडी मागावी; मुलीचे नाव महाविद्यालयातून काढू नये. ज्या दिवशी गाडीअभावी मुलगी घरी बसते, त्या दिवशी जुनी गुलामगिरी नव्या कारणाने परत येते.

मागावयाचे ते कसे, याचाही विचार करू. आषाढीला पंढरपूरसाठी आणि गणपतीला कोकणासाठी महामंडळ जादा गाड्या सोडते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परीक्षांचे वेळापत्रक तर विद्यापीठ आधीच जाहीर करते. मग विद्येच्या या यात्रेसाठी जादा गाड्या का नसाव्यात? महामंडळ तोट्याचे कारण पुढे करील. त्यावर उत्तर एकच: उतारूंची संख्या आधी हाती दिली, तर गाडी रिकामी धावणार नाही.

ही संख्या देण्याचे काम आपले आहे. प्रत्येक विहाराच्या समितीने आपल्या भागातील विद्यार्थ्यांची यादी करावी: कोण कोठे शिकतो, शेवटचा पेपर केव्हा, उतरावयाचे कोठे. यादीत सर्व समाजांची मुले असावीत, कारण गाडी सर्वांची आहे. सुट्टीपूर्वी तीन आठवडे ही यादी अर्जासह आगार व्यवस्थापकास द्यावी, एक प्रत विभाग नियंत्रकास पाठवावी आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये. अर्जात विनवणी नसावी, मागणी असावी. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी येथील कृष्णवर्णीयांनी बसमधील भेदाविरुद्ध डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा झाली, तेव्हाही तो चालूच होता. त्यांना यश आले ते संघटनेमुळे.

आणि गाडी मिळेपर्यंत? तोपर्यंत सुट्टीच्या दिवसांत विहारातील दोन जबाबदार माणसांनी संध्याकाळी तालुक्याच्या स्थानकावर हजर राहावे आणि आलेल्या प्रत्येक मुलीला घरपोच पोहोचवावे. ती कोणाची मुलगी, हे विचारू नये. विहार केवळ वंदनेसाठी नाही; शिकणाऱ्या मुलीला रात्री निर्भयपणे घरी पोहोचविणे हेही धम्माचेच आचरण होय. येत्या पौर्णिमेच्या सभेत इतर विषय बाजूला ठेवून प्रथम ही यादी करावी, असे आमचे आपणास आग्रहाचे सांगणे आहे.