मीटर हेही मापच



गेल्या मे महिन्यात नागपूरला जाताना आमची गाडी वरोऱ्याच्या अलीकडे बंद पडली. मागच्या सीटवर अम्मी होत्या, त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ ठरलेली होती. काटा लाल खुणेपर्यंत गेला आणि बोनेटमधून वाफ निघू लागली. कोळशाच्या एका ट्रकचा ड्रायव्हर थांबला. आम्ही रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच तो ओरडला, "सर, हात नका लावू! उकळतं पाणी तोंडावर येते." पाऊण तास गाडी थंड होऊ दिली, मग त्याच्याच कॅनमधलं पाणी घातलं आणि कसेबसे वरोरा गाठले. तपासणी त्या दिवशी हुकलीच.

ही गाडी अब्बांनी २००९ मध्ये खाणीतून निवृत्त झाल्यावर घेतली होती. राजूरच्या रस्त्यांवर कोळशाची भुकटी आणि चुनाभट्ट्यांची धूळ, त्यामुळे एअर फिल्टर इतरांपेक्षा लवकर भरतो. तरी गाडीने साथ दिली. दोन बाळंतपणं, एक वरात, अब्बांचे शेवटचे दवाखाने, सगळं तिच्यातूनच झालं. २०२४ मध्ये पंधरा वर्षं भरली, तेव्हा नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतली. मोटारीसाठी ६०० रुपये असलेलं हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं आहे. घरात कुणी कुरकुर केली नाही. अब्बांची गाडी होती ना!

पण मीटरवर २,१८,००० किलोमीटर झाले होते. वर्षभरात क्लच प्लेट, सेल्फ आणि दोन बेअरिंग बदलून झाले. सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर यायचा, म्हणजे इंजिन ऑइल खात होतं. त्यात आता गरम होणं. मेकॅनिक म्हणाला की हेड गॅस्केट गेलं आहे, आणि इंजिन उघडलं की खर्च कुठे थांबेल ते सांगता येणार नाही. घरी बसून हिशेब केला आणि गाडी विकायचं ठरवलं.

खरी परीक्षा इथून सुरू झाली. जुन्या गाड्यांचा एक दलाल घरी आला. गाडीभोवती फिरला, मीटर पाहिलं आणि सहज म्हणाला, "सर, हे दोन लाख अठराचं नव्वद हजार करून देतो. वरून इंजिन धुऊन टाकू. पंचवीस-तीस हजार जास्त येतील. गिऱ्हाइकाले काय समजते?"

खोटं कशाला बोलावं, आम्ही त्याला लगेच नाही म्हटलं नाही. मुलीची फी भरायची होती. "उद्या सांगतो," असं म्हणालो. त्या रात्री झोप लागली नाही.

एक जुनी गोष्ट आठवत राहिली. काही वर्षांपूर्वी आम्ही आमची स्कूटर विकली होती. तिचा दुसरा गिअर मधूनच सुटायचा. घेणाऱ्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. तेव्हा वाटलं होतं की न विचारलेलं न सांगणं म्हणजे काही खोटं नव्हे.

शाळेत मुलांना आम्ही पैगंबर (स.) यांचा बाजारातला प्रसंग सांगतो. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. पावसाने भिजलं, असं दुकानदार म्हणाला. मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, असा सवाल पैगंबरांनी (स.) केला आणि फसवणारा आमच्यातला नाही, हे स्पष्ट बजावलं. त्या दुकानदाराला कुणी काही विचारलं नव्हतं. दोष दाखवण्याची जबाबदारी तरीही त्याचीच होती. आमचा गिअर आणि त्याचं ओलं धान्य यांत काय फरक?

मीटरचं पाप तर याच्याही पुढचं. सूरह अल-मुतफ्फिफीनची सुरुवातच मापात मारणाऱ्यांना इशारा देऊन होते. तराजू आणि पायली ही जशी मापं, तसं गाडीचं मीटर हेही मापच. ते मागे फिरवणं म्हणजे तराजूच्या पारड्याखाली चुंबक लावणं. आणि इथे फसवणूक फक्त पैशांची नसते. नव्वद हजार समजून गाडी घेणारा माणूस तिच्या भरवशावर रात्री बायकामुलांना घेऊन निघेल. आमच्यासारखा तोही वरोऱ्याच्या रस्त्यावर उभा राहील.

सकाळी दलालाला नाही सांगितलं. एका कागदावर गाडीचे सगळे दोष लिहिले आणि तो काचेला आतून चिकटवला. पहिले दोन गिऱ्हाईक कागद वाचूनच परतले. शेजारी हसले. तिसरा एक तरुण आपला मेकॅनिक घेऊन आला. सगळं तपासून त्याने दलालाच्या आकड्यापेक्षा सत्तावीस हजार कमी सांगितले. आम्ही गाडी दिली. फीसाठी भिशीतून उचल घ्यावी लागली. तो तरुण पुढे भेटला तेव्हा म्हणाला की इंजिनाचं काम करून घेतलं, पैसे आधीच बाजूला ठेवले होते.

जुनी गाडी घेणाऱ्या वाचकांनी एवढं पाहावं. मीटर कमी आणि ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत, ड्रायव्हरची सीट बसलेली, तर शंका घ्यावी. सर्व्हिसची जुनी बिलं मागावीत, त्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात. गाडी थंड असताना स्वतः सुरू करून धूर पाहावा. ऑइलच्या झाकणाखाली दुधी चहासारखा थर दिसला, तर इंजिनात पाणी गेल्याची शक्यता असते.

विकणाऱ्यांनी फॉर्म २९ आणि ३० भरून नोंदणीवरचं नाव बदलून घ्यावं. हस्तांतराची माहिती चौदा दिवसांत द्यायची असते. कागदावर नाव तुमचंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

गाडीचा विषय आमच्यापुरता संपला. स्कूटरचा संपलेला नाही. ती घेणारा वणीच्या बाजारात भेटला होता, त्याचं नावही आता आठवत नाही. त्याचा शोध चालू आहे. तो सापडला नाही, तर त्या गिअरचे पैसे त्याच्या वतीने एखाद्या गरजूला द्यावेत, असं घरी ठरलं आहे. पण माफी त्याचीच मागायची आहे, आणि ती दुसऱ्या कुणाला मागता येत नाही.