प्रश्न विचारण्याचा हक्क उंबऱ्यापर्यंत जाणाऱ्यांचा

गावातल्या सिस्टरने लसी टोचाव्यात, आशाताईने घरभेटी द्याव्यात, रजिस्टरे भरून अहवाल वर पाठवावा. संशोधन मात्र विद्यापीठांनी आणि मोठ्या रुग्णालयांनी करावे, असे मत आपल्याकडे शिकलेली, सज्जन माणसेही मांडतात. त्यामागे तीन युक्तिवाद असतात. निफाड तालुक्यातले गोदाकाठचे सायखेडा समोर ठेवून ते तपासले, तर त्यांतले दोन टिकत नाहीत आणि तिसऱ्यातून निघणारा निष्कर्ष उलटा ठरतो.

पहिला युक्तिवाद असा, की आकडे आधीच उपलब्ध आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होते आहे आणि २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून देशातल्या सर्व जिल्ह्यांचे आकडे मिळतात. या सर्वेक्षणाचे मोल मी कमी लेखत नाही. पण नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याचे डोंगरपाडे आहेत तसे निफाडचे द्राक्षमळेही आहेत. दोन्हींची मिळून जी सरासरी निघते, ती कोणत्याच गावाची नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले. पाणी ओसरल्यावर किती घरांत जुलाब लागले, किती म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत खंड पडला, किती गरोदर बायांची तपासणी हुकली, हे जिल्ह्याच्या तक्त्यात सापडणार नाही. द्राक्षाच्या कामासाठी पेठ-सुरगाण्याहून मजूर कुटुंबे बागांवर मुक्कामाला येतात. त्यांच्या लेकरांचे नाव एका गावच्या यादीत आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावच्या शिवारात. अशा बाळाचा डोस चुकला, तर तो दोन्हीकडे निसटतो. हे दिसते फक्त बागेपर्यंत चालत जाणाऱ्या बाईला.

दुसरा युक्तिवाद शास्त्रीय शिस्तीचा. परिचारिका आणि आशा यांना संशोधनाची पद्धत येत नाही, म्हणून त्यांच्या नोंदी कच्च्या, असे म्हटले जाते. याचे उत्तर महाराष्ट्राने जगाला दिले आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रुग्णालयात बसून हा आकडा कधीच निघाला नसता, कारण या बाया रुग्णालयात पोचतच नव्हत्या. पुढे तिथल्याच ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवून बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे ही कामे सोपवली. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हेही १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नेच छापले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर नेला. नोंदीचा खरेपणा पदवीवर ठरत नाही. तो प्रशिक्षणावर, फेरतपासणीवर आणि घरच्यांच्या विश्वासावर उभा राहतो.

तिसऱ्या युक्तिवादात तथ्य आहे. लोक सर्वेक्षणांना कंटाळले आहेत आणि सिस्टर-आशांवर कामाचे ओझे आधीच जड आहे. कुणी येते, प्रश्न विचारते, अंगठा किंवा सही घेते आणि पुन्हा फिरकत नाही. पण यातून ‘संशोधन थांबवा’ हा निष्कर्ष निघत नाही. लोकांचा राग प्रश्नांवर नाही. उत्तर कधीच कळत नाही, यावर आहे. आणि ओझे हलके करायचे, तर तीच माहिती चार ठिकाणी लिहायला लावणारी रजिस्टरे कमी करावीत, नव्या कामाचा रीतसर मोबदला द्यावा.

मग काय करायला हवे? पहिली गोष्ट, अभ्यासाचा पाया कुटुंब हा असावा. आजच्या नोंदीत सून गरोदर मातांच्या यादीत, सासू मधुमेहाच्या, नातू अंगणवाडीच्या वजनतक्त्यात आणि बागेत औषध मारणारा मुलगा कुठेच नाही. घरात शिजते ते अन्न एकच, पितात ते पाणी एकच आणि मुलाचे फवारणीचे कपडे धुते ती हीच गरोदर सून. या साऱ्यांचा संबंध घर एकत्र पाहिल्यावरच उमगतो. दुसरी गोष्ट, प्रश्न गावातून यावा; उदाहरणार्थ, फवारणीचा. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मृत्यू मोजले गेले. पण निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या वाढतात, तेव्हा कुणाला डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची आग होते, हे घरभेटीत सलग दोन हंगाम टिपले आणि द्राक्षबागा नसलेल्या गावाशी ताडून पाहिले, तर मरणाआधीचा इशारा हाती लागेल.

तिसरी गोष्ट, विद्यापीठाची जबाबदारी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. परिचर्येच्या अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्य हा विषय आहेच. दरवर्षी नवे गाव गाठण्याऐवजी विद्यार्थिनींच्या एकामागून एक तुकड्यांनी त्याच गावातली तीच कुटुंबे वर्षानुवर्षे पाहावीत. पद्धत प्राध्यापकांनी शिकवावी, प्रश्न सिस्टर-आशांनी सुचवावा आणि अभ्यासावर नाव दोघांचेही लागावे. चौथी गोष्ट, संमती आणि गुप्तता. लहान गावात एका घराचा आजार उघड झाला, तर मुलीचे लग्न अडते. म्हणून नावे कुलूपबंद राहावीत आणि निष्कर्ष मात्र ग्रामसभेत, साध्या मराठीत वाचले जावेत. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने त्यावर काय केले, ते पुढच्या सभेत सांगावे.

ज्यांच्याकडून आपण वर्षानुवर्षे आकडे गोळा करून घेतो, त्यांना त्या आकड्यांवर विचार करण्याचा अधिकार नाकारणे अन्यायाचे आहे आणि विज्ञानाच्याही तोट्याचे आहे. सायखेड्याच्या उपचाराची आखणी सायखेड्याच्या माहितीवर व्हायची असेल, तर ती माहिती आणणाऱ्या सिस्टरला आणि आशाताईला संशोधक म्हणून मान, प्रशिक्षण आणि मोबदला द्यावाच लागेल.